पहिल्या बहराचं पपनस

आमच्या ह्यांच्या पोटात त्यांच्या थोरल्या बहिणीची किडनी आहे, आणि गेली आठ वर्षं मी त्या किडनीवर जळते. हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. बोलणार तरी कुणापुढे? ऐकणारी म्हणेल, बाई गं, नवरा धडधाकट समोर बसलाय, दुकान चालवतोय, डोंगर चढतोय, आणि तुझं हे काय भलतंच? बरोबरच आहे तिचं. पण तिचं बरोबर असलं म्हणून माझं जळायचं थोडंच थांबतं.

ठाण्यात नौपाड्याला ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. चाळिशी उलटली आणि पाय सुजायला लागले, जेवण जाईना, आणि तपासण्या करता करता कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. मग दीड वर्ष डायलिसिस. आठवड्यातून तीनदा मी रिक्षानं न्यायचे, चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसायचे, परत आणायचे. पाणी पिण्यावर बंधन, म्हणून उन्हाळ्यात ह्यांना बर्फाचा एक खडा चोखायला द्यायचे आणि स्वतः स्वयंपाकघरात लपून पाणी प्यायचे. नवऱ्यासमोर पाणी पिणं पाप वाटायचं तेव्हा.

डॉक्टरांनी विचारलं, घरातलं कोण किडनी देऊ शकेल? त्यांचं बोलणं संपायच्या आत मी म्हटलं, मी. रक्तगट जुळला नाही. ह्यांचा ओ, माझा बी. झालं, तिथंच माझा नंबर कटला. लग्नात पत्रिका जुळलेली, छत्तीस गुणांपैकी अठ्ठावीस, आणि जिथं खरी गरज होती तिथं हे असं.

मग ताई पुढे आल्या. ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी, आंबिवलीला दिलेली. सासरची जुनी जमीन, आता आजूबाजूला बिल्डिंगी झाल्यात, पण ताईंच्या घरामागे अजून परस आहे, विहीर आहे. ताईंचा रक्तगट जुळला. बाकीचंही जुळलं. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा चांगला डोनर मिळणार नाही तुम्हाला. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतेय. निम्मं आनंदानंच होतं, खोटं कशाला बोलू? उरलेलं निम्मं कशानं होतं ते मला तिथल्या तिथं कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

ऑपरेशन थंडीत झालं. तेव्हापासून ह्यांचा तो दुसरा वाढदिवस. दर वर्षी आम्ही आंबिवलीला जातो, ताईंकडे जेवण असतं, बिनसाखरेचा केक असतो. भाऊ आणि बहीण एका सुरीवर हात ठेवून केक कापतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि मी फोटो काढते. फोटो मी काढते, म्हणून एकाही वर्षाच्या फोटोत मी नाही. एकदाही कुणी म्हटलं नाही, अगं, दे इकडे फोन, तू उभी राहा. मीही म्हटलं नाही. मागून मिळवायची गोष्ट आहे का ती?

आता ह्यांच्याबद्दल सांगते. ऑपरेशननंतर हा माणूस जगायला लागला तो असा, की लग्नाच्या पहिल्या वर्षातही मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. पहाटे उठून तलावपाळीला पाच फेऱ्या. पन्नाशीला कळसूबाई चढून आले, खिशात गोळ्यांची डबी आणि तोंडाला मास्क. नवरात्रात टेंभी नाक्याला गर्दी टाळून, दुपारच्या वेळी देवीचं दर्शन. अवयव बसवलेल्या लोकांच्या स्पर्धा असतात, तिथं बॅडमिंटनमध्ये पदक आणलं. पदक घेऊन स्टेजवर बोलायला उभे राहिले तेव्हा ताईंचं नाव घेताना डोळे पुसले. मग डॉक्टरांचं, मग दुकानातल्या माणसाचं, आणि शेवटी, 'तसंच माझे सर्व कुटुंबीय.' त्या सर्व कुटुंबीयांमध्ये मी होते. मांडीवर ह्यांची बॅग होती, तिच्यात उकळलेल्या पाण्याची बाटली, घरचे पोहे, सॅनिटायझर आणि गोळ्या.

गोळ्या सकाळी नऊ आणि रात्री नऊ, न चुकता. शरीरानं परकी किडनी झिडकारू नये म्हणून त्या जन्मभर घ्याव्या लागतात. नऊ वाजता ह्यांचा मोबाईल वाजतो आणि हे पेपरातून मान वर न काढता हात पुढे करतात. मी तळहातावर गोळी ठेवते. तोंडात टाकतात, दुसरा हात पुढे करतात, मी ग्लास देते. कधी काय ठेवलं ते बघितलंसुद्धा नाही. आठ वर्षांत माझ्याकडून एक वेळ चुकलेली नाही. ताप असू दे, घरात लग्न असू दे, माझी आई गेली त्या दिवशीसुद्धा.

पण विचारायला येणारे काय विचारतात? 'ताईंची किडनी कशी आहे?' एकदा हे कारलं मिटक्या मारत खायला लागले. वीस वर्षं मी चिंचगूळ घालून, तळून, भरून कारली केली, ताटाच्या कडेला ढकलायचे. ऑपरेशननंतर खायला लागले तर जावेपासून शेजारणीपर्यंत सगळ्या म्हणतात, 'बघ, ताईंना कारलं आवडतं ना, किडनीबरोबर आलं ते!' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. किडनीला जीभ असते का हो? पण हेसुद्धा हसून म्हणतात, 'असेल बुवा.'

आणि ताई वाईट असत्या तर बरं झालं असतं. वाईट माणसावर जळायला सोपं जातं. त्या येतात तेव्हा माझ्यासाठी आठवणीनं अबोलीचा गजरा आणतात. ऑपरेशननंतर त्यांच्या पोटावरची शिवण कितीतरी दिवस दुखायची, एकदा चकार शब्द काढला नाही. फक्त एक सवय डोक्यात जायची माझ्या. जेवताना मी मीठ हातात घेतलं, की हसून म्हणायच्या, 'अगं, बेतानं हं, माझी किडनी आहे ती.' सगळे हसायचे. मीही हसायचे.

आता पपनसाचं सांगते.

हॉस्पिटलमधून घरी आणताना आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिलेला. काय खायचं नाही त्याची यादी. बाहेरची चटणी, पाणीपुरी, मोडाची कच्ची कडधान्यं, असलं सगळं. त्यात एक होतं, ग्रेपफ्रूट. आमच्याकडे कोण खातंय ग्रेपफ्रूट? मी तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दोनतीन वर्षांनी एकदा तपासणीला गेलो असताना हे रक्त द्यायला आत गेलेले आणि मी एकटी डॉक्टरांसमोर. सहज विचारलं, ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसासारखंच ना? डॉक्टर म्हणाले, पपनस पण नाही हं. त्यानं ह्या गोळीचं प्रमाण रक्तात वाढतं आणि वाढलं की किडनीलाच मारतं. मी घरी येऊन कागदावर पेन्सिलीनं लिहिलं, 'पपनस पण.' गणपतीच्या फळांत मी तसंही पपनस आणत नव्हते. विषय कधी निघाला नाही, म्हणून हे कुणाला सांगायचं राहून गेलं. तेव्हा खरंच राहून गेलेलं.

ह्यांना लहानपणी पपनसाचं वेड. मे महिन्यात आंबा नसला तरी चालेल, पण गणपतीत पपनस हवं. ताई तासन्‌तास बसून सोलायच्या, वरचा पांढरा पापुद्रा काढून, एकही पाकळी न फोडता, आणि साखर भुरभुरवून धाकट्या भावाला भरवायच्या. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून शंभर वेळा ऐकलीय. ऑपरेशन झालं त्याच वर्षी ताईंनी परसात पपनसाचं कलम लावलं. म्हणायच्या, 'त्याची नवी किडनी आणि हे झाड, एका वयाचे दोघं.' सात वर्षं फळ धरलं नाही. गेल्या वर्षी पहिल्यांदा धरलं.

आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती असतो. ताई सकाळी आल्या त्या पिशवीत तीन पपनसं घेऊन. हिरवी, पिवळट, मूठभर पानांसकट. 'पहिला बहर,' म्हणाल्या, आणि देवापुढे ठेवली. माझं लक्ष त्या क्षणी कपाटाच्या दाराकडे गेलं. म्हटलं, सांगू. पण घरात माणसं, मोदकांची उकड गार होतेय, आरती व्हायचीय, नंतर सांगू.

जेवायला पान वाढताना मी ह्यांच्या वरणावर तूप सोडलं आणि मीठ वाढायला घेतलं. ताई म्हणाल्या, 'बेतानं गं, माझी किडनी आहे ती.' सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, 'मालकीणबाईंचं लक्ष आहे बरं.' मालकीणबाई! मग मी कोण? मोलकरीण?

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली आणि ताईंनी पपनस सोलायला घेतलं. खाली पेपर पसरलेला, हे समोर मांडी घालून बसलेले, बावन्न वर्षांचा घोडा, डोळे लहान पोरासारखे त्या फळावर. मी दारात उभी. पहिली फोड ताईंनी ह्यांच्या तोंडाजवळ नेली. माझ्या जिभेवर शब्द आलेला. ताई, थांबा. एवढंच म्हणायचं होतं. आणि मी म्हटलं नाही.

का नाही म्हटलं, ते मला नीट ठाऊक आहे. मनात आलं, दोन फोडींनी काय होणारेय? आणि लगेच त्याच्या मागून आलं, होऊ दे थोडंसं काहीतरी. एकदा तरी ताईंच्या हातून चुकू दे. एकदा तरी डॉक्टर ताईंना विचारू देत, तुम्हाला कळत नाही का?

ह्यांनी फोड खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, 'आहाहा, ताई.' मला आठ वर्षांत एकदाही आहाहा म्हटलेलं नाही.

ताईंनी तिन्ही पपनसं सोलली आणि डबा भरून माझ्या फ्रिजमध्ये ठेवून गेल्या. पुढचे चार दिवस हे जेवणानंतर डबा काढायचे, वाटी भरून घ्यायचे. मी भांडी घासत असायचे, पाठीमागे फ्रिजचं दार उघडल्याचं ऐकू यायचं. रोज ठरवायचे, आज सांगते. पण आज सांगितलं तर काल का नाही, हा प्रश्न आलाच. जितका उशीर होत गेला तितकं तोंड आणखी घट्ट मिटत गेलं.

पाचव्या दिवशी हे दुकानातून दुपारीच घरी आले. म्हणाले, 'चष्म्याचा स्क्रू बसत नाहीये. हात थरथरतोय.' मोहरीएवढा तो स्क्रू, तीस वर्षं डोळे झाकून बसवणारा माणूस. डोकंही दुखत होतं. तसंच उठून हॉस्पिटल गाठलं. रक्तातलं गोळीचं प्रमाण दुपटीच्या वर गेलेलं आणि क्रिएटिनिन, किडनी बिघडली की चढतं ते, वाढलेलं. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. किडनी वाचेल ना, असं मी विचारलं तर म्हणाले, दोन दिवस बघू या. बघू या म्हणाले फक्त.

ताई आंबिवलीहून धावत आल्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना विचारलं, नवीन काही औषध घेतलं? काही वेगळं खाल्लं? माझी मान खाली. ताई म्हणाल्या, 'वेगळं काही नाही हो. आमच्या झाडाचं पपनस तेवढं.' डॉक्टर एकदम चढ्या आवाजात म्हणाले, 'पपनस? कुणी दिलं त्यांना?'

'मी,' ताई म्हणाल्या.

सात वर्षं मी ज्या घटकेची वाट बघत होते ती ही. ताई बाकड्यावर बसल्या. पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होत्या आणि म्हणत होत्या, 'माझ्या हातानं दिलं गं मी. माझ्याच हातानं.' मी शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला काडीचंही बरं वाटलं नाही.

गोळीचा डोस कमी केला, सलाईन लावलं. चौथ्या दिवशी आकडा उतरायला लागला. दहा दिवसांनी घरी आलो. किडनी वाचली. घरी आल्याबरोबर हे म्हणाले, 'ताईला फोन लाव. घाबरलीय ती, उचलत नाही माझा.' माझाही उचलला नाही. शेवटी मी आंबिवलीला गेले.

परसात एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा होता. पपनसाच्या खोडाला दोरी बांधून झालेली. ताई लांब उभ्या होत्या, पाठ करून.

मी म्हटलं, 'ताई, थांबवा त्याला.'

'कशाला? विष आहे ते.'

'झाडाचा काय दोष? मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मला. मी लिहूनसुद्धा ठेवलेलं.'

ताईंनी त्या माणसाला चहाला पाठवलं. मग विचारलं, 'कधीपासून माहीत होतं?'

'पाच वर्षं.'

'आणि मी भरवत होते तेव्हा? तू दारात उभी होतीस ना?'

'हो.'

त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मग म्हणाल्या, 'मी काय केलेलं गं तुझं?'

मी म्हटलं, 'तुम्ही दिलीत. मला देता आली नाही.' ते माझ्या कानालाही किती क्षुद्र वाटलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, 'त्याला बोललीस?'

'नाही.'

'बोलू नकोस. तो रोज तुझ्या हातचं खातो.'

मग आत जाऊन त्यांनी चहा केला. मला दिला. स्वतः घेतला नाही, आणि माझ्यासमोर बसल्याही नाहीत. झाड मात्र तोडलं नाही.

मला वाटलेलं, आता माझं जळणं संपेल. छे! उलट वाढलं. हे बरे झाले, पुन्हा तलावपाळीला जायला लागले, आणि येईल त्याला हसून सांगायला लागले, 'आमच्या ताईनं किडनी दिली आणि पपनस खिलवून परत घ्यायला निघालेली!' फोनवर ताईंनाही तेच चिडवायचे. ताई पलीकडून हसायच्या. आधी किडनी देऊन बसल्या होत्या, आता माझ्या वाटणीची चूकही स्वतःच्या अंगावर घेऊन बसल्या. म्हणजे तिथंही त्याच वरचढ. मी ह्यांना काही देऊ शकले नाही ते नाहीच, आणि आता माझी चूकसुद्धा माझ्याकडे राहिली नाही.

थंडीत तो दिवस आला. आठवं वर्ष. आंबिवलीला जेवणं झाली, केक आला, मी फोन घेऊन उभी राहिले. ह्यांनी सुरी उचलली आणि जमलेल्या सगळ्यांना म्हणाले, 'बघा, ताईवर लक्ष ठेवा हं, केकमध्ये पपनस घातलं नाही ना विचारा!' सगळे खो खो हसले. ताईही हसल्या. हसता हसता त्यांनी माझ्याकडे बघितलं, घाबरून, मी काही बोलीन की काय म्हणून.

मी फोन खाली घेतला आणि म्हटलं, 'ताईंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी मुद्दाम बोलले नाही.'

धैर्य वगैरे नव्हतं त्यात. ताईंना आणखी मोठं होऊ द्यायचं नव्हतं, एवढंच. खरं बोलले तेही जळूनच बोलले.

ताई पुटपुटल्या, 'अगं, कशाला?' ह्यांनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, 'चार दिवस? मी वाटी घेऊन बसायचो, तेव्हा पण?' मी मान हलवली. मग कुणीतरी घाईघाईनं केक कापला, कागदी बशा फिरल्या. त्या वर्षीचा फोटो नाही.

ठाण्याला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोबाईल वाजला. हे पेपर वाचत होते. हात पुढे केला. मी तळहातावर गोळी ठेवली. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, नाकावरचा चष्मा नीट बसवला, गोळी दोन्ही बाजूंनी उलटून बघितली, तिच्यावरची अक्षरं वाचली, आणि मग तोंडात टाकली. मी ग्लास धरून उभी होते.

आता तलावपाळीला जातात, दुकानात जातात, उन्हाळ्यात पुन्हा डोंगर चढायचं म्हणतायत. माझ्याशी बोलतात, हसतातही. गोळी मात्र रोज चष्मा लावून बघतात. ताईंची फोड त्यांनी डोळे मिटून खाल्लेली.